फीची कोंबडी

गुणाबाईच्या घरचं अंदाजपत्रक अंगणात दाणे टिपत फिरायचं. आणे जाऊन नवे पैसे यायला अजून दोन-तीन वर्षं होती, आणि रोडपालीच्या मिठागरातली तिच्या नवऱ्याची, विठूची, मजुरी तांदूळ-मिरचीतच संपायची. वरच्या खर्चाला कोंबड्या. काळी रॉकेलाची, पांढरी कौलांची आणि ठिपक्यांची, सगळ्यांत गुबगुबीत, ती मालूच्या फीची. चौथीत पहिली आलेल्या लेकीला पनवेलच्या शाळेत घालायचंच, हे गुणाबाईनं पक्कं केलं होतं.

नवरा तसा गुणाचा. दारू नाही, जुगार नाही. फळीवरच्या नाण्याला त्यानं कधी बोट लावलं नाही. पण कोंबडी म्हणजेही पैसाच, हे त्याच्या टाळक्यात शिरेल तर शपथ! दारात पाहुणा दिसला की ह्याच्या हातात सुरी. कोंबड्या वाढवायच्या गुणाबाईनं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला ह्याचं काय जातंय? दिवाळीत साडूनं कौलं खाल्ली, शिमग्यात मामानं रॉकेल संपवलं. सांगून सांगून बिचारीच्या तोंडाला फेस आला.

"आगं, कोंबरी परत व्हते," विठू म्हणायचा. "पावना परत येतो का?"

"येतो ना," ती म्हणायची. "तोच तर वैताग हाय."

शाळाप्रवेशाच्या आदल्या दिवशी ती विहिरीवरून आली, तर चुलीवर रस्सा रटरटत होता आणि ओटीवर मालूचे मास्तर, दयाराम गुरुजी, पाटावर बसलेले. ठिपक्यांची कुठं दिसेना. पण गुरुजींपुढं काय बोलणार? तिनं भाकऱ्या थापल्या.

दुसऱ्यांदा रस्सा घेताना गुरुजी म्हणाले, "विठोबा, मी आलो तो मालूसाठी. पोरगी हुशार आहे, घरी बसवू नका. फी काही फार नाही. तेवढे पैसे बाजूला ठेवायला हवे होते, बाई."

"ठेवले व्हते, गुरुजी," गुणाबाई म्हणाली. "ते तुमच्या ताटात हायत."

गुरुजींचा घास हातातच राहिला. विठू घाईनं म्हणाला, "नवी काळी हाय ना, ती ईक."

"ती रॉकेलाची," गुणाबाई नवऱ्याला म्हणाली. "पोर अभ्यास काय तुमच्या टकलाच्या उजेडात करंल?"

विठूचा एक लाडका तांबडा कोंबडा होता. त्याला तो आपल्या हातानं भात भरवायचा. गुणाबाई उठली, तिनं त्या कोंबड्याला धरलं आणि पाटीखाली झाकलं.

विठू ताटावरून उठला. "तो नाय. तो मी ठेवलाय."

"कशाला ठेवलाय?"

विठू पाटीपाशी जाऊन उकिडवा बसला.

"कळलं आता?" ती म्हणाली. "आपण ठेवलेलं दुसऱ्यानं उचललं की कसं लागतं ते?"

सकाळी ती मालूला घेऊन पनवेलला निघाली. मागून विठू कोंबड्याची पाटी डोक्यावर घेऊन येत होता. बाजारात तो गिऱ्हाइकाशी भावावरून असा भांडला, की फी भरूनही चार आणे उरले.