डावीकडे ओढणारी गाडी

तिने बाटलीतलं थोडं पाणी पुढच्या डाव्या चाकावर शिंपडलं. चर्र झालं. मग वळसा घालून उजव्या चाकावर शिंपडलं. थेंब नुसतेच ओघळले.

"बघा उस्ताद," ती गॅरेजवाल्याला म्हणाली. "येताना शेवटच्या सरळ रस्त्यावर मी ब्रेकला पायही लावला नाही. लावला असता तर दोन्ही चाकं तापली असती. एकच कसं तापलं?"

नवरा दाराशी मोबाइल चाळत उभा होता. "हिचं एकदाचं समाधान करा. नाचता येईना, अंगण वाकडं."

पंधरवड्यापूर्वी गाडी आत घेताना तिच्या हातून फाटकाचा खांब पडला होता. ब्रेक दाबताच गाडी डावीकडे ओढते, हे तिने परोपरीने सांगितलं. पण सासूबाईंनी तिचं नाव 'खांबतोडी' ठेवलं आणि नवऱ्याने हसत हसत किल्ली खिशात टाकली. सोमवारी तिला टेकडीपलीकडच्या शाळेत रुजू व्हायचं होतं. तिथं बस जात नव्हती. किल्ली नाही तर नोकरीही नाही. आज तिने ती हिसकावूनच घेतली होती.

उस्तादांनी गाडी जॅकवर घेतली. डावं चाक हाताने फिरवून पाहिलं, ते जेमतेम हललं. चाक उतरवून त्यांनी ब्रेकची पकड, कॅलिपर, सोडवला आणि आतला पॅड फडक्यात धरून तिच्या हातात दिला. झिजून नुसता पत्रा उरला होता. बाहेरचा पॅड मात्र चांगला जाड होता.

"पिना गंजून जाम झाल्यात. ब्रेक सोडला तरी पकड सुटत नाही. वहिनी, तुमचा काही दोष नाही." मग ते दाराकडे वळले. "साहेब, मागच्या सर्व्हिसलाच बोललो होतो ना? पुढच्या वेळी बघू म्हणालात."

नवऱ्याची मोबाइलवरची बोटं थांबली.

"तुला माहीत होतं?"

"अगं, किरकोळ वाटलं. आणि खांब पडल्यावर... कसं सांगणार?"

"म्हणून हसत राहिलास."

त्याने मोबाइल खिशात ठेवला.

"माझं जाऊ दे. पोरीला रोज याच गाडीतून शाळेत नेत होतास."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"काय रे, दोष गाडीत निघाला की खांबतोडीत?"

"गाडीत, आई. जुनी झालीय."

"अगंबाई! उगाच बोललो बिचारीला. दे तिला."

त्याने फोन पुढे केला. सांगू नको, असं नजरेने विनवत होता. तिने फडक्याला एकेक बोट पुसलं, मग फोन घेतला.

"आई, सोमवारपासून मी नोकरीवर जातेय. गाडी माझ्याकडे राहील. पोरीला हाच शाळेत सोडेल."

"गाडीशिवाय कसा सोडेल गं?"

"चालत," ती म्हणाली. "का, ते तोच सांगेल."

आणि तिने फोन त्याच्या हातात परत दिला.