चुणीआडची चीर

तीस वर्षं मी मशीन चालवते. कोणी शिकवलं नाही. एक जुना ब्लाऊज उसवला, त्याचे तुकडे पाटावर मांडून पाहिले आणि पुन्हा जोडले, एवढीच माझी शाळा. गावातल्या अर्ध्या बायांची मापं मला पाठ आहेत. कोणाची कंबर किती वाढली हे मी कोणाला सांगत नाही, म्हणून धंदाही टिकून आहे. एवढं असून फाटलेलं कोणतं आणि शिवलेलं कोणतं, हे मला माझ्याच अंगणात ओळखता आलं नाही.

दिवाळीनंतर माझी सून दिव्यानी बाळंतपण आटोपून नागभीडहून, तिच्या माहेराहून, आमच्याकडे परत आली. ब्रह्मपुरीपासून आमचं गाव जीपने अर्ध्या तासावर. तीन महिन्यांची रुही तिच्या कडेवर होती आणि रुहीचं सामान जीपच्या टपावर. छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, बॅटरीवर हलणारा झुला, चावायला रबराचा जिराफ, आणि डोकं गोल राहावं म्हणून मोहरीची उशी. झुल्यात ठेवलं की रुही असं तोंड करायची, जशी एसटीत उभ्याने चाललेली बाई. तिला आवडली ती माझ्या जुन्या सुती लुगड्याची झोळी. मोहरीची उशी मात्र मला पटली. डोकं गोल झालं तर झालं, नाही तर फोडणीला कामी येईल.

दिव्यानीचा जास्त वेळ फोनवर जायचा. मी आधी म्हटलं, मैत्रिणींशी बोलत असेल. एक दिवस डोकावून पाहिलं तर ती कपडे बघत होती. दूध पाजायचे कुर्ते. फोटोतल्या बाया बाळ घेऊन अशा हसत होत्या, जसं बाळ शेजारणीचं आहे आणि आत्ता परत द्यायचं आहे.

"याले असं काय सोनं लावलं आहे?" किंमत बघून मी विचारलं.

"आत चेन आहे, आई. दिसत नाई."

"आमच्या वेळी चेन-बिन काही नव्हतं. समोर हूक, वरून पदर. धान बांधता बांधता पाजलं सुरजले."

"तुम्ही साडीत होत्या," दिव्यानी म्हणाली. "मी साडीत दहा पावलं चालली की पडते."

ते खरं होतं. लग्नात पडली होती.

तिचं दुखणं मी तिच्या माहेरी बारशाला पाहिलं होतं. पाळणा झाला, नाव ठेवलं, पंगती बसल्या, आणि रुहीने भोकाड पसरलं. दिव्यानीच्या अंगात मागे चेन असलेला झगझगीत ड्रेस. सगळा उतरवल्याशिवाय पाजायची सोय नाही. तिला आतल्या खोलीत पाठवलं, धानाच्या पोत्यांजवळ. मग दर तासाला तेच. बाहेर कोणी काही बोलायचं, हशा व्हायचा, आणि आतून दिव्यानीचा आवाज यायचा, "काय झालं? अवो, काय झालं?" कोणी सांगायचं नाही. हसणाऱ्याला पुन्हा सांगायचा कंटाळा असतो.

आता दहा दिवसांवर तिच्या भावाचं, प्रणितचं लग्न होतं. एकुलता एक भाऊ. ती मला आल्या आल्या म्हणाली होती, "आई, त्याच्या लग्नात मी पोत्यांजवळ नाई बसणार. सगळ्यांमध्ये बसीन." मी "हो हो" म्हटलं. सासवा म्हणतात तसं.

आणि त्याच आठवड्यात आमच्या दारात बायनाबाई आली. बायनाबाई म्हणजे भांडेवाली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं. कपडे द्या, भांडं घ्या. मला दूध तापवायला छोटा गंज हवा होता. मी नानाजींचे दोन सदरे आणले, एक पडदा आणला, मुलाची, सुरजची, जुनी पँट आणली. नानाजी म्हणजे माझे मालक. ते शेतावर होते, म्हणून सदऱ्यांचं काम सोपं झालं.

"एक कपडा कमी पडते, बाई," बायनाबाई म्हणाली.

"पँट दिली ना."

"पँटीले बसायच्या जागी कपडाच नाई उरला."

मी इकडे तिकडे बघितलं. दोरीवर दिव्यानीचा एक विटका निळा कुर्ता उलटा वाळत होता. छातीवर दोन्ही बाजूंना वीत-वीत फाटलेला. म्हटलं, हा काय आता घालणार आहे ती! ओढला, दिला, गंज घेतला. बायनाबाईने कुर्ता सुलटा केला, उलटा केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता गाठोड्यात घातला.

संध्याकाळी दिव्यानीने विचारलं, "आई, दोरीवरचा निळा कुर्ता कुठी आहे?"

"तो फाटका?"

"फाटका नव्हता तो."

"अवो, छातीवर एवढा-एवढा फाटला होता!"

"ते मीच कापलं होतं," दिव्यानी म्हणाली.

मग हळूहळू कळलं. त्या कुर्त्याला खांद्यापासून खाली दोन रुंद चुण्या होत्या. चुणीच्या आतल्या घडीत तिने उभी चीर पाडली होती, आणि चिरेच्या कडा जुन्या ओढणीची पट्टी लावून हाताने शिवल्या होत्या. चुणी बाजूला केली की लेकराचं तोंड आत. सोडली की झाकलं. चेन नाही, बटण नाही, आवाज नाही. माहेरी दुपारच्या वेळी बसून तिने हे केलं होतं. चारदा जागा चुकली, चारदा शिवून पुन्हा कापलं. आता कुठे जमलं होतं, आणि त्याच्यावरून ती लग्नाचा कुर्ता मला शिवायला सांगणार होती.

ती रडली नाही. रडली असती तर मी दोन शब्द बोलले असते. "असू द्या," म्हणाली आणि रुहीला घेऊन आत गेली. दार लोटलं.

नानाजी ओसरीवर बसून ऐकत होते. "तीस वर्षं टेलर आहो म्हणून सांगते," ते म्हणाले. "आनं माझे दोन सदरे गेले, त्याचं कोणाले काहीच नाई."

दुसऱ्या दिवशी मी एका जुन्या कुर्त्यावर माझ्या हिशोबाने दोन चिरा पाडल्या. टेप लावून, खडूने आखून, कडा मशीनवर मारून. दिव्यानीने घालून पाहिला. रुहीने आत तोंड घातलं, नाक कापडात अडकलं, आणि ती अशी ओरडली की शेजारची कुत्री उठली. चिरा दिसायला अगदी सारख्या होत्या. पण टेप बाईचं माप घेतो. लेकरू मांडीवर कसं वाकडं पडतं, त्याचं डोकं कुठे येतं, हे टेपला कुठून माहीत? दिव्यानीने चारदा कापून शोधलेली जागा मी बसल्या जागी शोधायला निघाले होते.

"बायनाबाई बाजारात बसते," मी म्हटलं. "ब्रह्मपुरीचा बाजार रोजचाच आहे. उद्या जाऊन आणू."

"विकला असन," दिव्यानी म्हणाली. पण सकाळी तीच आधी तयार होऊन बसली होती.

बाजारात बायनाबाईची जागा भाजीच्या ओळीच्या शेवटी. ताडपत्रीवर जुन्या कपड्यांचा कमरेएवढा ढीग. तीस वर्षांत मी त्या ढिगाजवळ कधी थांबले नव्हते. नवं शिवणाऱ्या बाईने तिथे कायला थांबायचं, असं मला वाटायचं. दिव्यानीने मात्र रुहीला माझ्याकडे दिलं आणि सरळ दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

"निळा? तो तं कालच गेला," बायनाबाई म्हणाली. "आल्या आल्या गेला."

"तुमी तो घेतला तेव्हा सांगाचं ना मले," मी चिडून म्हटलं.

"काय सांगाचं?"

"का हा फाटका नाई म्हणून."

"फाटका मी घेतच नाई, बाई. पाहूनच घेतला. हातानं काय बारीक टाका मारला होता! मले वाटलं तुमाले माहीत असन. टेलर तुमी आहा." तिने माझ्याकडे पाहिलं आणि वर आणखी म्हणाली, "गंज चांगला आहे ना?"

गंज चांगला होता.

तेवढ्यात रुहीला भूक लागली. दिव्यानीच्या अंगात तोच, माझ्या चिरांचा कुर्ता, काहीच नसण्यापेक्षा बरा म्हणून घातलेला. ती उठून इकडे तिकडे बघायला लागली. भर बाजार, आडोसा कुठेच नाही. रुहीचा आवाज चढत गेला. पुढची बाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या लावत होती, ती वळली.

"अवो ताई, इथी या. पोत्याच्या मांगे बसा. मी समोर टोपलं ठेवते."

आम्ही गेलो. बाई वीस-बावीस वर्षांची असेल. एका हाताने ती वांगी तोलत होती, दुसऱ्या हातात तिचं तान्हं होतं, आणि ते तान्हं शांतपणे दूध पीत होतं. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. कोणाच्या काही लक्षात येत नव्हतं. मलाही आलं नसतं. पण कुर्ता निळा होता.

दिव्यानी तिच्याकडे बघतच राहिली. रुही ओरडत होती तरी बघत राहिली.

"पुनम," बायनाबाई तिकडून ओरडली, "तुह्या कुर्त्याच्या मालकीण आल्या पाहाय!"

पुनमचा चेहरा उतरला. चुणीवर तिचा हात आपोआप गेला. "वापस पाहिजे का?" तिने विचारलं. "मी कालपासून यातच आहो. आधी आडोसा शोधासाठी दर वेळी दुकान सोडून उठा लागे. कालपासून एकदाबी नाई उठली." मग हसून म्हणाली, "ज्यानं कोनं हा फाडला, बरोबर जागीच फाडला पाहा."

"फाडला नाई तो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. वांगी घेणारी दोन्ही गिऱ्हाइकं वळली. "शिवला आहे. माझ्या सुनेनं शिवला. हातानं."

दिव्यानीने माझ्याकडे पाहिलं. मग पोत्यामागे बसली, माझी शाल ओढून घेतली आणि रुहीला जवळ केलं. शालीच्या आतून म्हणाली, "वापस नको, पुनम. तुलेच राहू दे. पण माप घेऊ देशीन?"

"काह्याचं माप?"

"चिरेचं. कुठून कुठपर्यंत आहे ते."

टेप माझ्या पिशवीत असतोच. पुनमचं तान्हं झोपलं होतं. मी पोत्यामागे बसून खांद्यापासून चिरेच्या टोकापर्यंत माप घेतलं, मग चुणीची रुंदी, मग चिरेची लांबी. दोन्ही चिरा सारख्या नव्हत्या. डावी दोन बोटं खाली होती.

"ही खाली काऊन?" मी विचारलं.

"रुही डावीकडं जास्त आडवी झोपते," दिव्यानी म्हणाली.

"माहा पण," पुनम म्हणाली. "सगळेच झोपत असतीन. उजव्या हातानं आपलं काम चालू राहते ना."

तीस वर्षांत मी दोन्ही बाजू कधी वेगळ्या शिवल्या नाहीत. मी खडूने टेपवर खूण केली.

परत ढिगाजवळ आलो तर दिव्यानीने आधीच काढून ठेवलेलं दाखवलं. मोरपंखी साडी, काठ सोनेरी, पदरावर तेलाचा एक डाग. कोणीतरी एकदा नेसून कंटाळलेली. "डाग कापून टाकला तरी कुर्ता निघते," ती म्हणाली, "आनं चुण्यांले कपडा भरपूर आहे." शिवाय रुहीसाठी मऊ दोन झबली, आणि एक टोपडं, ज्याला फक्त नाडी नव्हती. बायनाबाईने सांगितलेल्या पैशात फोनवरच्या कुर्त्याची एक बाही आली नसती. मला त्या ढिगाचा राग येत होता, कारण तो एवढी वर्षं माहीत असून मी त्यात कधी हात घातला नव्हता.

घासाघीस मी केली नाही. बायनाबाईला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

चार दिवस आम्ही दोघींनी मिळून शिवलं. मशीन माझी, चिरेच्या कडा तिच्या. मी मारते म्हटलं तर ती म्हणाली, "मशीनची शिवण कडक होते, आई, तिच्या गालाले लागते." नानाजींना मधेच चहा हवा असायचा. तो नव्या गंजात व्हायचा, आणि दर वेळी ते गंजाकडे बघून म्हणायचे, "माझा सदरा." पुनमसाठीही एक शिवला, उरलेल्या तुकड्यातून नाही, चांगल्या कापडाचा. लग्नानंतर दिव्यानी तो बाजारात नेऊन देणार होती.

लग्न नागभीडला होतं. दिव्यानी मांडवात पहिल्या ओळीत, अगदी मधल्या खुर्चीवर बसली. मोरपंखी कुर्ता, सोनेरी काठाच्या दोन चुण्या. तिच्या मैत्रिणी विचारून गेल्या, कुठून घेतला. "ब्रह्मपुरीहून," ती म्हणायची. खोटं नव्हतं.

अक्षता पडल्या, हार घातले, आणि दिव्यानीची मामी लगबगीने आली.

"दिव्यानी, अवो किती वेळ झाला! पोरीले भूक लागली असन. जाय बाई आत, तिकडं खोली आहे."

"नाई मामी," दिव्यानी मांडवाकडेच बघत म्हणाली, "जेवून राह्यली ते."

"कुठी जेवून राह्यली?"

मामीने रुहीकडे पाहिलं. सोनेरी काठाखालून एक पाय तेवढा बाहेर होता, सुखाने हलत होता. मामी वाकली, सरळ झाली, माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मी नंतरही नीट लग्न पाहिलं नाही. माझं लक्ष डाव्या चुणीवर होतं. दोन बोटं खाली ठेवली होती. ती बरोबर बसली की नाही, कडा ओढली जाते की नाही, एवढंच बघत होते. नाक अडकलं नाही. आवाज आला नाही. तेवढ्यात मांडवात कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळा मांडव हसला. दिव्यानी तर इतकी हसली की रुहीचा पाय हलायचा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"काय झालं?" मी विचारलं. "अवो, काय झालं?"

"थांबा आई, सांगते," दिव्यानी म्हणाली, आणि डोळे पुसत पुसत तिने मला पहिल्यापासून सगळं सांगितलं.