मला फुटलेलं दुसरं डोकं

मी रानातलं निळं फूल बोलतंय. आवाज जरा दबका वाटेल. मला कागदाला डिंकानं चिकटवलंय.

माझा जन्म ट्रान्सिल्व्हेनियातल्या बीच नावाच्या झाडांच्या वनातला. बर्फ वितळलं आणि मी नि माझं भावंड कुठे ऊन खायला लागलो, तोच ऑक्टाव नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या मास्तरानं आम्हाला मुळांसकट उपटलं, वर्तमानपत्रात घातलं आणि वर विश्वकोशाचे जाडजूड खंड रचले. एवढी विद्या अंगावर वागवली, पण डोक्यात काही शिरलं नाही.

वाळल्यावर त्यानं आम्हा दोघांना काचेच्या चौकटीत बसवलं आणि ती चौकट देऊन आपल्या आवडत्या झेनोवियाला मागणी घातली.

ती कडाडली, "मेल्या, दोन फुलं? आपल्याकडे जोडी थडग्यावर ठेवतात! जिवंत बाईला एक द्यावं, तीन द्यावीत. मला पोचवायला निघालायस का?"

"अगं, हा नमुना आहे!"

"नमुना तर तूच आहेस!" म्हणत तिनं दार लावलं.

मास्तराचं जेवणखाण सुटलं. रानातला बहर संपलेला, तिसरं फूल आणायचं कुठून? शेवटी त्यानं साखरेच्या पुड्याचा निळा कागद कातरून फूल केलं. त्याला देठ नव्हता, म्हणून ते माझ्याच मानेवर चिकटवलं. मला दुसरं डोकं फुटलं! झेनोवियानं मोजून पाहिलं आणि हो म्हणाली. साखरेच्या पुड्यावर साखरपुडा जमला.

साखरपुड्याच्या जेवणाला ऑक्टावचे गुरू, म्हातारे ग्रिगोरे सर आले होते. खिमा भरलेले कोबीचे रोल चापता चापता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"एका देठाला दोन फुलं? अरे, ही तर नवी जात! नाव ठेवू, झेनोवियाचं फूल!"

झेनोविया लाजली. मास्तर घाईघाईनं म्हणाला, "सर, आधी जेवून घ्या!"

"खात्रीसाठी भिजवावं लागेल," म्हणत सरांनी चौकट उघडली आणि आलुबुखाराची गरम दारू माझ्यावर ओतली. डिंक सुटला. माझं दुसरं डोकं सरांच्या ताटात पडलं.

मास्तर रडवेला होऊन म्हणाला, "तू नाही म्हणशील या भीतीनं केलं गं."

झेनोविया आम्हा दोघांकडे बघत राहिली. मग फिस्सकन हसली. "अरे मेल्या, ही तर कधीच मेलीत! मग जोडीच बरोबर की!"

लग्न झालं. आम्ही त्यांच्या भिंतीवर आहोत. माझं एवढंच मागणं आहे: कुणाला फुलं देताना ती मोजा, पण आमच्यादेखत असं काही बोलू नका. आपण मेलोय हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं, आणि त्या गरम दारूनं मला नुकती कुठे तरतरी आली होती.