सुटलेलं पान

आत्याला वाचून दाखवणं म्हणजे शिक्षा! चाळीस वर्षं तिने छापखान्यात मुद्रितं तपासली. शेवटची बारा वर्षं मी तिच्या हाताखाली होते. मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, ती छापील कागदावर बोट फिरवायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं तोंडाने म्हणायचं. आता तिची नजर गेली, तरी खोड जात नाही. एखादा पूर्णविराम गिळला की लगेच, "घाई कसली गं? भाजी लागलीय का खाली?"

गेल्या आठवड्यात तिने एक पुस्तक आणायला लावलं. लहान मुलांसाठी लिहिणाऱ्या एका बाईंच्या आठवणी. तरुणपणी युद्धात त्या परदेशी लष्करी इस्पितळात मदतनीस होत्या. खिशात राहणाऱ्या उंदराची त्यांची गोष्ट घरोघरी माहीत आहे. आत्याला मात्र ती गोष्ट छापून यायच्या सात वर्षं आधी माहीत होती, कारण 'त्याने' ती तिला पत्रातून कळवली होती.

'तो' म्हणजे आत्याचा ठरलेला नवरा. त्याच युद्धावर गेला. मागेपुढे कुणी नव्हतं बिचाऱ्याला, काही बरंवाईट झालं तर सरकारी कागद यायचा तरी कुणाच्या दारी? पहिली तीन पत्रं त्याच्या हातची. थंडी फार आहे, पाय गारठतात, मोजे विणून पाठव. "मेल्याच्या तोंडी प्रेमाचा एक शब्द नाही," म्हणत आत्याने रागाने ती जाळून टाकली. मग त्याच्या हाताला गोळी लागली, पत्रं कुणा बाईच्या अक्षरात यायला लागली. आणि काय ती पत्रं! अकरा आली, आत्याने डब्यात जपली. मग एकाएकी बंद.

पुढे उंदीर छापून आला आणि आत्याची खात्रीच पटली, की ह्या लिहिणारीनेच त्याला ठेवून घेतलं. दुसरं लग्न केलं नाही तिने. "तो सुखाने नांदला का, एवढं कळू दे," म्हणाली, "मग मी सुटले."

परवा दुपारी वाचत होते. आमची नजर तोंडाच्या दोन ओळी पुढे धावते, सवयच ती. पुढच्या पानावर काय आहे ते दिसलं. मी दोन पानं एकदम उलटली आणि खुशाल पुढचं वाचायला लागले.

"थांब. आत्ता बर्फ पडत होता, लगेच उकाडा कुठून आला? मजकूर सुटलाय. मागे जा."

"छापलंच तसं आहे गं."

"मला शिकवतेस? मागे जा म्हणते ना!"

गेले मागे. काय करणार?

"हाताला गोळी लागलेला एक जण होता, पूर्णविराम. तो मला पत्र सांगत होता, स्वल्पविराम, अर्ध्यावर त्याचा डोळा लागला, पूर्णविराम. तो उठला नाही, पूर्णविराम."

मी वाचत राहिले. बाईंनी ते पत्र स्वतःच पुरं केलं होतं. उत्तर आलं. त्या एकोणीस वर्षांच्या, परमुलखात त्यांना पत्र लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा लिहिलं. अशी एकूण अकरा पत्रं. उंदीरही त्यांचाच. मग त्यांची बदली झाली आणि खरं कळवायचं धैर्य झालं नाही. त्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं, त्याचे पाय फार गार होते, मी माझे मोजे काढून त्याला घातले.

मला हुंदका आवरेना. त्या बाईला चार शिव्या हासडणार होते, तर आत्या म्हणाली, "तिला काही बोलू नकोस. डबा आण."

सगळ्यात खालचं, बाईच्या अक्षरातलं पहिलं पत्र तिने चाचपून काढलं, माझ्या हातात दिलं. "ह्यातलं अर्धं त्याचं ना? कुठपर्यंत, ते बघ."

मी वाचायला लागले. बरा आहे. हात दुखतो. थंडी आहे. मोजे अजून आले नाहीत. "आणि तुझी आठवण आली की ह्या खोलीत दिवा लागल्यासारखं..."

"इथे नाही," आत्या म्हणाली. "त्याच्या आधी."

"मोजे अजून आले नाहीत, पूर्णविराम."

"हं. तिथपर्यंत."

तिने हात पुढे केला, पत्र घेतलं, मांडीवर ठेवलं. बराच वेळ त्यावरून बोट फिरवत होती.

"मी विणलेच नव्हते गं," ती म्हणाली.