तीन वन्स मोअर आणि टेलचं पाणी

व्हिडिओ जेमतेम चाळीस सेकंदांचा होता. काळ्या पडद्यापुढे पाच माणसं, एक पेटी, एक ढोलकी आणि शेवटी सगळ्यांनी मिळून धरलेलं गाणं: 'उतरलं पाणी, टेलला आलं'. एवढ्यावर तो तुटायचा. 'तिसरी घंटा' या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या तेवीस जणांनी तो दोन महिन्यांत इतक्यांदा वाजवला होता, की हौशीराम आप्पांच्या रानात झेंडू तोडणाऱ्या बायकासुद्धा तेवढीच ओळ म्हणायच्या आणि तिथंच थांबायच्या. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

ग्रुप नाटकवेड्यांचा. शिरूर, रांजणगाव, केडगाव, दौंड असा पसरलेला. पुण्यात एखादं नाटक लागलं की मिनीबस ठरवायची, चौफुल्याला चहा घ्यायचा आणि परतताना नाटकाची चिरफाड करायची, हा त्यांचा शिरस्ता. पण या वेळी नाटकच त्यांच्या दारी येणार होतं. 'टेलचं पाणी' हे पाच माणसांचं नवं संगीत नाटक पुण्यात सुरू होण्याआधी त्याचे दोन पूर्वप्रयोग ठरले होते, एक दौंडला, एक शिरूरला. दिग्दर्शिका हर्षदाने स्पष्ट लिहिलं होतं, 'नाटक अजून कच्चं आहे. वीस मिनिटं कापायची आहेत. कुठून कापायची, ते तुम्हाला बघून ठरवेन.'

कालव्याच्या शेवटच्या टोकाला इकडे टेल म्हणतात. वरच्या गावांची भरणी झाली की उरलंसुरलं पाणी टेलला पोचतं, पोचलं तर. नाटक त्याच्यावर होतं, आणि त्यातला पाटकरी, म्हणजे कालव्याचं दार उघडणारा माणूस, करत होता या ग्रुपमधूनच तिकडे गेलेला ईश्वर. पाटसचा ईश्वर, रांजणगावच्या कंपनीत फिटर. शिफ्ट सांभाळून सहा महिने पुण्याला तालमीला जात होता.

दौंडच्या प्रयोगाला तीन दिवस उरले असताना त्याने प्रांजलला फोन केला.

"कुणाला बोलू नको. कापायच्या यादीत माझं गाणं आहे."

"चावीचं?"

"तेच. ते गेलं तर पाटकरीच जाईल. हर्षदाताई म्हणतात, चार जणांत भागवता येईल. मग मी पुण्याच्या शुभारंभाला प्रेक्षकांत बसायचं."

प्रांजल केमिस्ट्रीची पदवीधर. रांजणगावच्याच एका बिस्किटांच्या कंपनीत ती बिस्किटांमधला ओलावा मोजायची. गुपित मात्र तिच्यात मुरायचं नाही. तासाभरात ग्रुपवर 'ईश्वर बचाव' मोहीम सुरू झाली. ठरलं असं, की ईश्वरचं गाणं संपलं की तेवीसच्या तेवीस जणांनी वन्स मोअर द्यायचा. हॉल दणाणला पाहिजे.

एकटे आप्पा कुरकुरले. चाळीस वर्षांत त्यांनी सहाच वेळा वन्स मोअर मागितला होता आणि सहाही त्यांना प्रयोगासकट पाठ होते. "वन्स मोअर म्हंजी काय आहेर हाय का, घरचं कार्य म्हणून द्यायला?" असा त्यांचा आवाजी निरोप आला. त्यावर ग्रुपची ॲडमिन सारिकाने, ती शिरूरला शाळेत शिकवायची, एवढंच लिहिलं, 'आप्पा, ईश्वर घरचाच आहे.' आप्पांनी अंगठा पाठवला.

दौंडचा प्रयोग एका मंगल कार्यालयात रविवारी दुपारी एकला होता. पाच वाजता तिथंच एक साखरपुडा असल्याने साडेचारच्या आत हॉल मोकळा करायचा होता. हे आप्पांना सगळ्यांत आधी माहीत होतं, कारण साखरपुड्याच्या कमानीला झेंडू त्यांचाच होता.

प्रांजल सवयीने वही आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच घेऊन बसली. पडदा तासभर उशिरा उघडला. पेटीवाल्याची गाडी पाटसजवळ उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली होती. पण एकदा सुरू झालं आणि तेवीस जणांनी अंग सावरून घेतलं. ईश्वर आला, कमरेची चावी वाजवली आणि गायला लागला:

'चावी हाय माझ्या कमरेला,
तहान हाय साऱ्या गावाला...'

पाच कडवी. सात मिनिटं. शेवटचा सूर विरायच्या आत सगळ्यांत मोठा आवाज आला तो आप्पांचा, "वन्स मोअर!" मग बाकीच्यांचा. ईश्वर पुन्हा गायला. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदाही मिळाला, तेव्हा पुढच्या रांगेतला एक अनोळखी गृहस्थ मागे वळून बघायला लागला. पेटीवाला घाम पुसत होता. रंगमंचावर कोपऱ्यात टेलच्या गावची बाई घागर घेऊन बसली होती. तिला अर्धा तास पाणी मिळालं नाही, तीनदा मांडी बदलून झाली.

साडेचारला हॉलचे दिवे लागले. मागचं दार उघडून दोन माणसं झेंडूच्या क्रेट घेऊन आत आली.

"आप्पा, बरं झालं भेटलात! तुमचाच माल हाय. कमान कुठं घेऊ, स्टेजवर का दारात?"

शेवटचं गाणं राहूनच गेलं. पाणी टेलला आलंच नाही. ज्या गाण्याचं पुढचं ऐकायला ग्रुप दोन महिने थांबला होता, ते गाणं म्हणायला पाच माणसं रंगमंचावर उभी होती आणि त्यांच्यामागून कमानीचे बांबू चालले होते.

आवराआवर चालू असताना हर्षदा रंगमंचाच्या काठावर येऊन बसली. रागावलेली नव्हती, त्यामुळे जास्तच अवघडल्यासारखं झालं.

"गाण्याला तीन वन्स मोअर मिळाले. आता मला सांगा, गाणं चांगलं आहे, की माणसं ईश्वरची आहेत?"

आप्पा क्रेटमधली फुलं निरखत होते.

"मला आज काहीच कळलं नाही," हर्षदा म्हणाली. "शिरूरला ठरवते."

परतताना मिनीबस न्हावऱ्याच्या पुढे गेल्यावर नाटकाची चिरफाड आप्पांनीच काढली. "वरच्यांनीच समदं पाणी घेतलं म्हणायचं."

"वरचे म्हणजे कोण?" सारिकाने विचारलं.

"आपणच की."

प्रांजल वही उघडून बसली होती. कारखान्यात ओलावा मोजायला पाकीट उचलताना आपल्या आवडीचं उचलायचं नाही, हा पहिला धडा. इथे तर तिने पूर्ण नमुनाच घरून आणला होता. पण वहीत आणखी एक गोष्ट होती. ग्रुपबाहेरची साठेक माणसं हॉलमध्ये होती आणि गाणं पहिल्यांदा चाललं तेव्हा त्यांचे खोकले तिने मोजले होते.

मंगळवारी शिफ्ट सुटताना रांजणगावच्या चहाच्या टपरीवर तिने ते ईश्वरला सांगितलं.

"पहिल्या दोन कडव्यांत एक खोकला. तिसऱ्यापासून पुढे नऊ. आणि चार जणांनी मोबाइल काढले."

"सर्दीचे दिवस आहेत."

"बरोबर तिसऱ्या कडव्यातच सर्दी झाली सगळ्यांना?"

ईश्वरने ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "मोहीम तूच काढलीस आणि आता तूच सांगतेस गाणं लांबतंय."

"मोहीम काढली ते चुकलं. म्हणून सांगतेय."

"सहा महिने, प्रांजल. नाइट मारून सकाळच्या एसटीने पुणं गाठायचो मी." एवढं बोलून तो कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसला. खिडकीतून बघितलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी ग्रुपवर आप्पांचा हुकूम आला, "रविवारी समद्यांनी हात मांडीखाली घालून बसायचं. अनोळखी माणूस टाळी देईपर्यंत आपली टाळी न्हाई. ज्याला जमायचं न्हाई त्यानं घरी बसावं."

शिरूरला शाळेच्या सभागृहात चार वाजता प्रयोग होता आणि तेवीस जण मुद्दाम विखरून बसले. प्रांजलने शेजारच्या झुंबरबाईंना बरोबर आणलं होतं. त्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकायच्या. आयुष्यात नाटक पाहिलेलं नव्हतं. पण त्यांचं दीड एकर खरोखरच टेलला होतं.

"पाणी येतं का शेवटी?" त्यांनी बसता बसता विचारलं.

"मलाच माहीत नाही, मावशी," प्रांजल म्हणाली. ते अक्षरशः खरं होतं.

पहिला अंक नीट गेला. लोक हसायच्या जागी हसले, दोन ठिकाणी कंटाळले. वहीत दोन फुल्या पडल्या. मग ईश्वर आला. प्रांजलने स्टॉपवॉच दाबलं.

पहिलं कडवं. दुसरं. आणि तिसऱ्याला श्वास घेतल्यासारखं करून ईश्वर थांबला. पेटीही थांबली; म्हणजे ठरवून होतं. त्याने कमरेची चावी सोडली, तळहातावर घेतली आणि नुसता बघत राहिला. दाराशी उभ्या हर्षदाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, तिला यातलं काही माहीत नाही.

चार सेकंद. सहा. एक खोकला नाही. नऊ.

"आरं, बघत काय बसलास?" झुंबरबाई उभ्याच राहिल्या. "सोड की पाणी! टेलला माणसं न्हाईत व्हय?"

सभागृह हसलं. पण हसणं संपायच्या आत मागून आणखी एक आवाज आला, "सोड रं!" मग डावीकडून, मग बाल्कनीतून. ग्रुपमधलं कुणीही नव्हतं. प्रांजलने वळून खात्री केली.

ईश्वर रंगमंचाच्या कडेपर्यंत आला. "सोडू म्हणता, मावशी?"

"मग काय मुहूर्त काढतोस?"

त्याने चावी फिरवली. ढोलकी सुरू झाली, घागरवाली बाई उठली आणि गाणं आलं, 'उतरलं पाणी, टेलला आलं', आणि या वेळी ते पुढे गेलं. पुढच्या ओळी साध्याच होत्या. कुणाच्या वाफ्यात किती, कुणाच्या विहिरीला किती, लसणाला की कांद्याला. तेवीस माणसं त्या पहिल्यांदा ऐकत होती. सारिका रडत होती आणि डोळे पुसायला हात मांडीखालून काढायचे की नाही, हे तिला कळत नव्हतं.

टाळ्या सुरू केल्या त्या अनोळखी लोकांनीच. आप्पांनी हात ओढून काढले. दोन तासांत ते पार बधिर झाले होते, एकमेकांवर नीट आपटेनात. म्हणून त्यांनी तोंडच वापरलं.

"वन्स मोअर!"

दौंडचे त्यांनी मोजलेच नव्हते; हा सातवा. शेवटचं गाणं पुन्हा झालं.

प्रांजलच्या घड्याळात दोन तास एकोणीस मिनिटं भरली, वन्स मोअर धरून. हर्षदा घाम पुसत बाहेर आली आणि ईश्वरपुढे उभी राहिली.

"तीन कडवी कुणाला विचारून कापलीस?"

"नऊ खोकल्यांना," ईश्वर म्हणाला. प्रांजलकडे बघून म्हणाला.

"ते थांबणं तसंच ठेव. पुण्याला एकही सेकंद कमी करायचा नाही." हर्षदा वळली. "पण पुण्यात मावशी कुठून आणायच्या?"

"शनिवार सोडून कवाबी सांगा," झुंबरबाई पिशवी उचलत म्हणाल्या. "शनवारी बाजार असतो."

शुभारंभ रविवारीच होता. मिनीबसमध्ये चोविसावी जागा धरली गेली. सारिका तिकिटं काढायला बसली आणि तिने ग्रुपवर विचारलं, पुढच्या रांगा घ्यायच्या का. पहिलं उत्तर आप्पांचं आलं.

"पुढं न्हाई. आपल्याला टेलची रांग घ्या."