भट्टीजवळची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे आणि माझा जन्म पावासाठी झाला. एका लोहाराने जाड सळया जोडून मला घडवले. बेकरीत भट्टीतून निघालेले पाव माझ्या अंगावर निवत. बेकरीवाला एकेक पाव उलटा करी, त्याच्या बुडावर बोटाने टकटक करी आणि कान लावून ऐके. आतून पोकळ आवाज आला की पाव झाला. त्या उबेत मला सारखी डुलकी लागायची. काय दिवस होते ते!

पुढे बेकरीवाला थकला, बेकरी बंद झाली. मला टाकून देणे त्याच्या जिवावर आले, म्हणून त्याने मला घरी आणले. आणून ठेवले कुठे, तर न्हाणीघरामागे, फुटक्या बादलीच्या सोबतीला! माझ्यावर गंज चढला. झोपेत मला पावाचीच स्वप्ने पडत.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी बेकरीवाल्याची साखर वाढल्याचे सांगितले आणि पाव, भात, बटाटे सारे बंद केले. जन्मभर पाव भाजलेला माणूस रुसूनच बसला. दोन घास चिवडून ताट सरकवायचा, भूक नाही म्हणायचा. त्याचे कपडे अंगावर लोंबू लागले. लेक ते रोज पाहत होती.

एका सकाळी तिने मला बाहेर काढून राखेने घासले आणि तेलाचा हात फिरवला. कोकराच्या मटणाचे जाड तुकडे तिने दही, लसूण, लिंबू आणि पुदिन्यात मुरत ठेवले. ऊन उतरल्यावर अंगणात विटा मांडून निखारे केले. पण तिने घाई केली. चरबी ठिबकली, जाळ उसळला. पाठ फिरवून बसलेल्या बेकरीवाल्याच्या नाकात करपल्याचा वास गेला, आणि तो काही त्याला सोसवेना. तो उठला. निखारे कडेला सारून त्याने माझ्यावर तळहात धरला, धग जोखली आणि तुकडे सावकाश परतू लागला. धूर झाडाच्या पानांत शिरत होता. मी अर्धवट झोपेत होते. मला वाटले, भट्टीच पुन्हा पेटली.

मग त्याने एक तुकडा चिमट्याने उचलला, उलटा केला, बुडावर टकटक केली आणि कान लावला.

लेक हसू दाबत म्हणाली, "बाबा, तो पाव नाही."

"मला ठाऊक आहे गं. हाताला अजून कळलं नाही."

तिचे हसू विरले, डोळे भरून आले. हसला तो बेकरीवालाच, कितीतरी दिवसांनी. जेवताना त्याने पाहिले, लेकीच्या ताटातही पाव नव्हता. मटण होते, काकडी होती, भाजलेली मिरची होती. त्याने आणखी एक तुकडा मागून घेतला.

मित्रांनो, मला कोमट असतानाच पुसा, तेल लावा, म्हणजे मी गंजणार नाही. आणि घरात कुणाचा आवडता घास सुटला असेल, तर काही दिवस तुम्हीही तो सोडा आणि त्याच्याशेजारी जेवायला बसा.

पावाची स्वप्ने मला अजून पडतात. त्यालाही पडत असतील. पण हल्ली ऊन उतरले की तो स्वतःच येऊन मला भिंतीवरच्या नव्या खिळ्यावरून काढतो.