दिवस तर गेले नाहीत ना?

मी आयुष्यभर लखनौच्या एका औषध-संशोधन संस्थेत ग्रंथपाल होतो. शास्त्रज्ञ नव्हे. हे आधीच सांगतो, कारण पुढे हा फरक मला फार नडला. उंदरांवरचे, सशांवरचे प्रयोग दुसरे लोक करत. मी त्यांच्या निबंधांची कार्डं करून खणांत लावत असे. 'जीवनसत्त्व अ : गर्भावरील परिणाम' असा एक अख्खा खण होता. त्यातलं बरंचसं, म्हणजे ते अति झालं तर गर्भात व्यंग येतं वगैरे, मी वाचलं होतं. समजलं किती, याची खात्री तेव्हाही नव्हती.

२०१४ च्या मार्चमध्ये माझी मुलगी कौमुदी म्हणाली, "बाबा, शनिवार को मेरे साथ क्लिनिक चलेंगे? अकेले अजीब लगता है।"

कौमुदी बत्तीस वर्षांची, जन्म लखनौचा. मी मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरातली जुनी वहिवाट. लहानपणी ती चुकतमाकत मराठी बोलायची. मी दर वाक्याला दुरुस्ती करायचो, मग तिने बोलणंच सोडलं. जावई गजेंद्र रेल्वेत इंजिनीयर, नेमणूक गोरखपूरला. म्हणून ती गोमती नगरला माझ्याकडे राहायची आणि अमौसीच्या विमानतळावर एका कंपनीच्या काउंटरवर बसायची. गालांवरचे वांग गडद झाले तेव्हा तिला तिथून उठवून हरवलेल्या सामानाच्या खोलीत धाडलं.

"सुपरवाइज़र बोली, पैसेंजर पहले चेहरा देखता है, टिकट बाद में," हे तिने मला हसत सांगितलं, आणि मग आंघोळीला जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

वांग मी पूर्वी पाहिले होते. तिच्या आईच्या, विजयाच्या गालांवर, कौमुदीच्या वेळी. शिवाय आठवडाभर कौमुदी फोडणी पडली की नाकाला ओढणी लावून गॅलरीत जाऊन उभी राहत होती. लग्नाला सात वर्षं झाली होती. मूल हा विषय आमच्याकडे कोणी काढत नसे. तिची पाळी पहिल्यापासून अनियमित, त्यामुळे तिला स्वतःला काही वाटलं नसावं. मला वाटलं. पण बापाने हे बोलायचं कसं?

क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर होतं. डॉक्टर तरुण होता. त्याने एक छोटी बाटली दाखवली. "रेटिनॉल पील है। पीला-सा लगता है, आठ घंटे चेहरे पर रहेगा, घर जाकर धो लीजिए। चार दिन छिलेगा, फिर देखिए।"

मी विचारलं, "इसमें... विटामिन ए?"

"जी अंकल! विटामिन ही है, कोई ज़हर नहीं। आप भी करवा लीजिए, आंटी पहचानेंगी नहीं।"

"आंटी नहीं हैं," कौमुदी म्हणाली. डॉक्टर ओशाळला आणि मी पुढचा प्रश्न गिळला.

बाहेर काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. बारीक इंग्रजीत दहा-बारा प्रश्न होते. "शुगर, बीपी, एलर्जी, प्रेग्नेंसी, सब में नो है न मैम? फ़ॉर्मेलिटी है," असं एका दमात म्हणून तिने खुणा करूनही टाकल्या. कौमुदी फोनवर सामानाच्या खोलीतल्या कुणाशी बोलत होती. तिने तशीच सही केली.

ते मी पाहिलं. आत बोलावेपर्यंत दहा मिनिटं होती. मी कौमुदीला कोपऱ्यातल्या खुर्च्यांकडे नेलं. हिंदीतला शब्द मला येत होता, इंग्रजीतला तर त्या फॉर्मवरच छापला होता. पण दोन्ही जिभेवर उघडे वाटले. म्हणून आपल्या घरांत बायका दबक्या आवाजात म्हणतात तेच मी खाली बघून म्हणालो.

"कौमुदी, तुझे... दिवस तर गेले नाहीत ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नहीं बाबा, अभी नहीं गए। इसीलिए तो करवा रही हूँ।"

किती मोकळं वाटलं मला! मुलीने विचार केलेला आहे. दिवस जायच्या आधी उरकून घेते आहे. मी मासिक उघडून बसलो. ती आत गेली आणि हळद लागल्यासारखा चेहरा घेऊन बाहेर आली. ई-रिक्शावाला म्हणाला, "बिटिया की शादी है क्या, बाबूजी?" ती मनापासून हसली.

कातडी निघाली, वांग फिकटले. ती नऊ दिवस काउंटरवर बसली. दहाव्या दिवशी तिथेच चक्कर येऊन पडली. तपासणीत कळलं, दहावा आठवडा. मी बोटांवर मोजलं. पीलच्या दिवशी आठवा होता.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाई वयस्क होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "खाल से बहुत कम जाता है। मैं तो नहीं घबराऊँगी। हाँ, गारंटी मैं किसी बच्चे की नहीं देती।"

गजेंद्र गोरखपूरहून आला होता. त्याच्या डोक्यात फक्त शेवटचं वाक्य राहिलं. घरी आल्यावर तो माझ्यासमोर बसला. "बाबा, आप तो इसी लाइन के हैं। सौ परसेंट कह दीजिए कि कुछ नहीं होगा, मैं अभी पेड़े लाता हूँ।"

दोन रात्री मी जुन्या झेरॉक्स प्रती चाळल्या होत्या. प्रत्येक निबंधात उंदरांना ते जीवनसत्त्व खाऊ घातलं होतं, भरमसाट. माझ्या कपाटात तरी, चेहऱ्याला एकदा लावून वाईट झाल्याचा एकही दाखला नव्हता. हे मला माहीत होतं. एवढं बोललो असतो तरी पुरलं असतं. पण कपाटात नाही ते जगात नसेलच असं थोडंच? मी कोण? कार्डं लावणारा.

"सौ परसेंट मैं कैसे कह दूँ?" मी म्हणालो.

कौमुदी माझ्याकडेच बघत होती. तिने मान खाली घातली. दोघांनी रात्रभर काय ठरवलं ते मी ऐकलं नाही. मंगळवारी इस्पितळात पिशवी साफ केली, सगळं झालं.

गुरुवारी गजेंद्र परत गेला. मी तिला पेज नेऊन दिली. तिने वाटी हातात धरून ठेवली.

"बाबा, आप तो जानते थे विटामिन ए का। उस दिन पूछा क्यों नहीं मुझसे?"

"विचारलं होतं."

"कब?"

"तिथेच, खुर्च्यांवर. दिवस तर गेले नाहीत ना, म्हणून."

तिला कळेना. मला अर्थ सांगावा लागला. त्या दिवशी जो शब्द टाळला होता, तोच हिंदीत उच्चारावा लागला. ऐकून तिने वाटी बाजूला ठेवली.

"मुझे लगा," ती म्हणाली, "आप पूछ रहे हैं कि मेरे दिन तो नहीं गए। कि बुढ़ा तो नहीं गई, ख़त्म तो नहीं हो गई। मुझे बुरा भी लगा था, बाबा।"

हा वाक्प्रचार मुली आईकडून ऐकतात. विजया गेली तेव्हा कौमुदी अकरा वर्षांची होती. माझ्याकडून ती शुद्धलेखन तेवढं शिकली.

वाटीतल्या पेजेवर साय धरली. कौमुदी भिंतीकडे वळली आणि अनेक वर्षांनी माझ्याशी मराठीत बोलली. एकेक शब्द जुळवत.

"म्हणजे, बाबा, माझे दिवस गेले होते."

ती थांबली. मी दुरुस्ती करीन म्हणून थांबली असावी. वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.